बंदुकीच्या पावतीची पूजा

"बंदूकच नाई तं वावरात जाऊन का करू?"

हे मामाजी मला म्हणाले नव्हते. माझे सासरे कोणालाच असं थेट काही सांगत नाहीत. ते ओसरीवर बसून कालवडीला सांगत होते. मी कुडाच्या अलीकडे चुलीपाशी पुऱ्या लाटत होते, आणि आमचा कूड एवढा पातळ की पलीकडं कोणी उसासा टाकला तर इकडचा दिवा हलतो. कालवडीनं ऐकून घेतलं आणि रवंथ करत राहिली. मी मात्र लाटणं खाली ठेवलं. कारण मामाजी वावरात गेले नव्हते त्याला बरेच दिवस झाले होते. धान निसवलं, पिवळं पडायला लागलं, तरी हा माणूस वावराकडं पाठ करून ओसरीवर बसलेला. जेवण अर्धं. बोलणं कालवडीपुरतं. तर ते दुखणं हे होतं. मला कळलं, आणि एकदा मला एखादी गोष्ट कळली की ती तडीला गेल्याशिवाय घरात कोणाला सुख नसतं, असं आमचे हे म्हणतात. मला म्हणत नाहीत, वर्तमानपत्राला म्हणतात. बापाचीच सवय.

आमचं गाव आरमोरीच्या पुढं, तळ्याच्या काठाला. वावर तळ्यापलीकडं आणि वावरापलीकडं जंगल, म्हणजे रानडुकरांच्या दृष्टीनं आमचं धान हे त्यांचं अंगणच. म्हणून मामाजींना तरुणपणी पीक संरक्षणाचा परवाना मिळाला होता आणि त्यावर एक एकनळी बंदूक. गावात ते 'बंदूकवाले केवळराम' म्हणून ओळखले जात. बंदुकीचे नियम ते पहाटेच्या अभंगासारखे म्हणत: डुकराला मारायचं नाई, निस्तं भेववायचं. गावात उडवायची नाई, सडकेच्या कडंला उडवायची नाई. नळीचं तोंड आभाळाकडं. त्यांच्या बंदुकीनं आजवर एकही डुक्कर मेलं नव्हतं, याचा त्यांना अभिमान होता. डुकरांनाही असावा.

नव्याण्णव साली लोकसभा-विधानसभा दोन्ही निवडणुका एकदम लागल्या आणि नेहमीप्रमाणे हुकूम आला की परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा करा. निवडणूक माणसांची आणि अटक बंदुकीला, हे आमच्याकडं दर वेळचंच. त्यातून आमचा भाग असा की ज्यांच्याकडं परवानाही नाही आणि पावतीही नाही त्यांच्या बंदुका जंगलात फिरतात, म्हणून ज्यांच्याकडं दोन्ही आहे त्यांच्या बंदुका ठाणं दोनदा मोजून घेतं. मामाजींनी बंदूक दिली, पावती घेतली, ती डब्यात गेली. निकाल लागले, बाकीच्यांच्या बंदुका दसऱ्याच्या आत घरी आल्या. आमची आणायला ह्यांना सवड नव्हती. हे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. निवडणुकीच्या कामाचा शीण उतरवायला त्यांना निवडणुकीपेक्षा जास्त दिवस लागतात.

दसऱ्याला आमच्याकडं पाटावर विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ मांडतात आणि मधोमध बंदूक. त्या दिवशी मधली जागा रिकामी. कालवडीला सांगितलेलं ते वाक्य माझ्या कानात ताजं. मी डबा उघडला, पावती काढली आणि ती पाटाच्या मधोमध ठेवली. देवाच्या ठिकाणी देवाची तसबीर चालते, तर बंदुकीच्या ठिकाणी तिची पावती का चालू नये? तिच्यावर पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, वर झेंडूचं फूल. मामाजी आले, डोळे मिटून हात जोडले. फक्त ते पाटाकडं नाही, पाण्याच्या माठाकडं तोंड करून उभे होते. माझ्या मुलीनं, पायलनं, कोणाकडं न बघता पाट उचलला आणि माठापुढं नेऊन ठेवला. हे छताकडं बघत राहिले. मी फुलवात नीट केली. आमच्या घरात मामाजींच्या डोळ्यांबद्दल कोणी बोलत नसे.

ह्यांनी एकदा बोलून पाहिलं होतं, की बाबा, चंद्रपूरला एकदा दाखवून येऊ. त्यावर मामाजींनी विचारलं होतं, "का दाखवू? चंद्रपूर पाहिलं हाय मी." पुढं कित्येक दिवस ते ह्यांच्याशी पायलच्या मार्फत बोलले. तेव्हापासून पेपर पायल वाचायची, तिचे उच्चार सुधारावेत म्हणून. ताटात मीठ कुठं आहे ते मी मोठ्यानं स्वतःशीच सांगायची. आणि ओसरीवर कोणी आलं की घरातलं कोणीतरी ताबडतोब त्याचं नाव घेऊन हाक मारायचं. पाहुण्यांना वाटे, किती अगत्याचं घर.

दसऱ्यानंतर मी पावती घेऊन ठाण्यात गेले. जमादारांनी ती दोन बोटांनी उचलली, उलटी केली, सुलटी केली.

"लग्न कोनाचं हाय?" त्यांनी विचारलं.

पाण्यानं शाई फुटली होती. बंदुकीचा नंबर जिथं होता तिथं कुंकवाचा डाग, आणि ठाण्याच्या शिक्क्यावर हळद. जमादारांनी नख लावून एक अक्षता सोडवली, तर तिच्याबरोबर शेवटचा आकडाही निघाला. त्यांच्या सगळ्या नोकरीत त्यांनी फाटलेल्या पावत्या पाहिल्या होत्या, उंदरानं खाल्लेल्या पाहिल्या होत्या, पूजा केलेली ही पहिलीच. ते चांगले गृहस्थ होते, हसले नाहीत. आतल्यांना बोलावून दाखवली, ते हसले.

तेवढ्यावर भागलं असतं. पण जुनी नोंद शोधता शोधता जमादारांना दिसलं की बंदूक ठाण्याच्या मालखान्यात असतानाच तिच्या परवान्याची मुदत संपली आहे. म्हणजे बंदूक आत बसलेली आणि बाहेर तिचा परवाना वारला. ठाणं म्हणालं, नवा करून आणलेला परवाना दाखवा, बंदूक घेऊन जा. मी गडचिरोलीला जिल्ह्याच्या कचेरीत गेले. कचेरी म्हणाली, बंदूक तपासायला आणा, परवाना नवा करून घेऊन जा. मी दोघांना एकमेकांचं म्हणणं कळवलं. दोघांनाही ते पटलं. दोघंही आपल्या जागी बरोबर होते, चूक फक्त माझी होती, कारण बसनं इकडून तिकडं मीच हिंडत होते.

अशा वेळी शेजारी कामाला येतो. आमच्या मधल्या एकाच भिंतीपलीकडं श्रीहरीभाऊ राहतात. निवृत्त तलाठी, मामाजींचे जुने सोबती. कागदाच्या बाबतीत त्यांचा शब्द गावात शेवटचा. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "घाई नोको करू बाई. सरकारी कामात घाई केली का काम बिघडते." त्यांच्या सल्ल्यानं मी पावतीच्या नुकसानीचं प्रतिज्ञापत्र केलं. मग त्या प्रतिज्ञापत्राला पोलीस पाटलाचा दाखला जोडला. मग सरपंचांचा. श्रीहरीभाऊंना रोज एक नवा कागद आठवायचा. त्यातले निम्मे कचेरीनं न बघताच परत केले, पण मी त्यांची कृतज्ञ होते. एवढी आस्था कोण दाखवतो?

श्रीहरीभाऊंची एक गोष्ट इथं सांगायला हवी. आदल्या वर्षी, धान असंच पिवळं असताना, एका संध्याकाळी ते घोंगडी पांघरून आणि टमरेल घेऊन तळ्याकडं गेले आणि परत आले ते आमच्या परसातून, धावत, चिंब भिजून, एका पायात चप्पल आणि हातात टमरेल नाही. तळ्यात घसरलो म्हणाले. त्याच संध्याकाळी मामाजींनी वावरात बार काढला होता. घरी आले, बंदूक जागेवर ठेवली आणि न जेवता निजले. डुक्कर आला होता का म्हणून मी विचारलं, तर कूस बदलली. तेव्हापासून श्रीहरीभाऊ आमच्या वावराच्या बाजूनं जायचे ते भर दुपारी, पांढरं धोतर नेसून, मोठ्यानं भजन म्हणत. ह्या दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळच्या. पण त्यांची गाठ मारायची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती, आणि श्रीहरीभाऊंच्या घरातही नसावी.

मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं. बंदूक घरी येईल, मामाजी ओसरीवरून उठतील, जेवतील. काडतूस मात्र घरात येणार नाही, ते मी बघून घेईन. बंदूक काय, दाराला तोरण असतं तशी घरात राहील.

शेवटी कचेरीतल्या कारकुनानं माझा अर्ज वाचला. तीन पानांचा होता. अर्ज कोणी लिहून दिला, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, मीच लिहिला. शिक्षण? सातवी. त्यानं शेजारच्या टेबलावरच्याला बोलावून तिसऱ्या पानावरचा 'सबब एका वृद्ध गृहस्थाचा हात रिकामा ठेवणे शासनास शोभत नाही' हा भाग वाचून दाखवला. दोघांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी पदर सारखा केला आणि सांगितलं, शोभत नाही ते शोभत नाही, सातवीवाल्यांनाही आणि बीए झालेल्यांनाही. त्यानंतर अर्ज पुढं सरकला. ठाण्यानंच बंदूक तपासून अहवाल द्यावा, घरी ती सुरक्षित ठेवण्याची सोय आहे का ते पाहावं आणि धारकाची वैद्यकीय तपासणी करावी, असं पत्र निघालं.

सोय पाहायला शिपाई घरी आला तेव्हा मी खरं बोलले, हे चुकलं. बंदूक कुठं ठेवायचे, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, धान साठवायच्या ढोलीत, खाली खोचून, कोरडी राहते. त्यानं विचारलं, कुलूप? मी म्हटलं, ढोलीला कुलूप कोण लावतं, कोंबड्या फिरतात ना तिथं. त्यानं लिहिलं: 'बंदूक धानात ठेवतात, देखरेख कोंबड्यांची.' इतक्या वर्षांच्या संसाराची अशी एका ओळीत इज्जत जाईल असं वाटलं नव्हतं.

श्रीहरीभाऊ म्हणाले, आता लोखंडी कपाट पाहिजे. जाड पत्र्याचं. भिंतीत बोल्ट मारून बसवलेलं. बनवायला वेळ लागला तरी चालन.

कपाट बनवलं आरमोरीच्या कमरुद्दीनभाईंनी. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं वेल्डिंगचं दुकान, आणि त्यांना आयुष्यात फाटक-खिडक्यांपलीकडं काही बनवायला मिळालं नव्हतं याची खंत. राईस मिलमधून मोडीत निघालेला पत्रा त्यांनी वापरला. "भाभी, असं कपाट बनवतो का हत्तीनं धडक मारली तं हत्तीच विचारन, अंदर कोन हाय," असं ते म्हणाले आणि शब्द पाळला. बैलगाडीतून कपाट आलं तेव्हा बैल उभे राहिनात. दारातून आत जाईना म्हणून चौकट काढली. मग कमरुद्दीनभाईंनी भिंतीवर हात फिरवून विचारलं, "ही पक्की हाय ना?" भिंत मातीची, आजेसासऱ्यांनी घातलेली. ती आमच्या मते पक्की होती. त्यांनी पहिला बोल्ट ठोकला, दुसरा ठोकला, आणि तिसऱ्याला भिंतीनं एक मोठा श्वास सोडला. धूळ बसली तेव्हा मी श्रीहरीभाऊंच्या स्वयंपाकघरात बघत होते. ते पाटावर बसून भात खात होते. घास तोंडाशी तसाच. थोडा वेळ आम्ही दोन्ही घरं एकमेकांकडं बघत राहिलो. मग ते म्हणाले, "भिंत पयले पक्की बांधून घ्या बाई. त्यालेच दोन मयने जाईन." आणि का कोण जाणे, त्यांचा चेहरा उजळला होता.

भिंत मी आठवडाभरात उभी केली. विटांची. श्रीहरीभाऊ रोज येऊन, ओल सुकू द्या, असं सांगून जायचे.

आता घरात बंदूक नव्हती पण बंदुकीचं कपाट होतं. रिकामं कपाट घरात राहू शकत नाही, हा निसर्गाचा नियम आहे. आधी माझी पैठणी गेली, मग ह्यांचे फंडाचे कागद, पायलची शाळेची सनद, साखरेचा डबा, कारण मुंग्या. किल्ली मात्र नियमाप्रमाणे परवानाधारकाकडंच. ती मामाजींनी करदोड्याला बांधली. त्यामुळं चहाला साखर हवी की मामाजींना उठवावं लागायचं. ते यायचे, अंगठ्यानं कुलपाचं भोक शोधायचे, किल्ली टेकवायचे, ती घसरायची, पुन्हा शोधायचे. तेवढ्या वेळात आम्ही सगळे आढं निरखायचो. आमच्या आढ्याचा प्रत्येक वासा मला त्या दिवसांत पाठ झाला. चहाचं पाणी आटून जायचं. पाहुणे बिनसाखरेचा पिऊन जायला लागले आणि गावात बोललं जाऊ लागलं की मास्तरांच्या घरात कोणालातरी मधुमेह झाला.

राहिली डॉक्टरची तपासणी. पायल त्या दिवसांत दवाखान्यातल्या तक्त्यावरची अक्षरं घरभर मोठ्यानं पाठ करत हिंडायची, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत. तिला म्हणे नर्सच्या कोर्सला उपयोग होणार होता. मामाजी ओसरीवर बसून ऐकायचे आणि ओठ हलवायचे. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. तपासणीच्या दिवशी दवाखान्यात गेलो आणि वीज गेली. डॉक्टर मोकळे होते, म्हणाले, तक्ता राहू द्या, व्हरांड्यात या. समोर बोट दाखवून त्यांनी विचारलं, बाबा, ते झाडाखाली काय आहे?

मामाजी बराच वेळ बघत राहिले. "बैल," ते म्हणाले. "चांगला हाय."

ती डॉक्टरांची मोटारसायकल होती. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी आढं शोधत होते, व्हरांड्याला ते नव्हतं. डॉक्टर तरुण होते, कोणाचे तरी चांगले नातू असावेत. त्यांनी कागदावर लिहिलं: 'प्रकृती वयाच्या मानाने ठीक.' मग पेनाचं टोपण लावता लावता मला हळूच म्हणाले, डोळ्यांचं चंद्रपूरला होतं, अवघड नसतं. मी मान हलवली आणि ते वाक्य घरी नेलं नाही.

'वयाच्या मानाने ठीक' हे कचेरीला चाललं. परवाना नवा झाला. नव्या भिंतीची, कपाटाची, कुलपाची नोंद झाली. ढोलीचं आणि कोंबड्यांचं नाव वगळलं गेलं. ठाण्यातून निरोप आला, या आणि ओळख पटवून घेऊन जा.

मामाजींना मी स्वतः फेटा बांधून दिला. लग्नात घातलेला काळा कोट काढला, तोही कपाटातच होता. हे शाळेतून अर्धी रजा टाकून आले. कमरुद्दीनभाई आपल्या कपाटाचं भाग्य उघडताना पाहायला आरमोरीहून आले. श्रीहरीभाऊंना बोलावलं नव्हतं, ते आले. रस्ताभर त्यांनी विचारलं, पोलीस पाटलाचा दाखला घेतला ना, सरपंचाचा, भिंतीच्या फोटोवर सही? मी म्हटलं, सगळं आहे. त्यावर ते भजन गुणगुणायला लागले. इतके महिने मी त्यांना किती चांगला शेजारी म्हणत होते. त्यांच्या तोंडाकडं बघून पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की त्यांच्या एकाही सल्ल्यानं बंदूक एका दिवसानंसुद्धा जवळ आली नव्हती.

ठाणेदारांनी टेबलावर चार बंदुका मांडल्या होत्या. ओळख पटवा, असं ते म्हणाले. ह्यांनी छत बघितलं. मी पायाचा अंगठा बघितला. मामाजी पुढं झाले आणि त्यांनी टेबलावर हात ठेवला. पहिल्या बंदुकीवरून बोटं गेली, दुसरीवरून गेली, तिसरीच्या दस्त्यावर थांबली. तिथं तांब्याची तार गुंडाळलेली होती, त्यांनी स्वतः. "हे माही," ते म्हणाले. ठाणेदार म्हणाले, नंबर वाचा. मामाजींनी ती डोळ्यांसमोर धरली आणि नंबर म्हणून दाखवला, न अडखळता, तो त्यांना ह्यांच्या जन्मतारखेसारखा पाठ होता. नळी उघडून रिकामी आहे ते दाखवा, असं ठाणेदार म्हणाले. उघडली, बोट घालून दाखवलं, मिटली. एवढं सफाईनं की जमादारसुद्धा "वा" म्हणाले. आता फक्त सही, आणि घरी.

ठाणेदारांनी पेन पुढं केला. मामाजींनी बंदूक परत टेबलावर ठेवली, हळू, झोपलेलं लेकरू ठेवावं तशी.

"सायेब," ते म्हणाले, "हे तुमच्यापाशीच राहू द्या."

ठाणेदारांनी पेन मागं घेतला. मग मीच बोलले. मी म्हटलं, मामाजी, असं काय करता, तुम्हीच तर म्हणाला होता, बंदूक नाही तर वावरात जाऊन काय करू.

"तुले कवा म्हनलो?"

"कालवडीला म्हणाला होता."

ते थोडे हसले. "ते तं मी बहाणा सांगून राह्यलो होतो, बाई. बंदूक ठान्यात गेली, मले बरं वाटलं. वावरात काऊन नाई जात, हे कोनी इचारलं तं सांगाले काईतरी झालं. मंग तू पूजा केली, अर्ज केले, भिंत पाडली, भिंत बांधली. एवढं करून राह्यली माही सून, तिले कसं सांगू, का मले नोको? म्हनलं, तिची हौस हाय तं होऊ दे."

म्हणजे मी त्यांच्यासाठी, आणि ते माझ्यासाठी. कमरुद्दीनभाईंनी गळ्यातला रुमाल काढून तोंड पुसलं.

ठाणेदारांनी कागद पुढं ओढला. बंदूक कायमची जमा करायची तर कारण लिहावं लागतं, असं ते म्हणाले. काय लिहू, बाबा? वय?

"वय नोको लिहू," मामाजी म्हणाले. त्यांनी मान वळवली आणि जिथून भजन ऐकू येत होतं तिकडं तोंड केलं. भजन थांबलं.

"लिहा सायेब. बंदूक माही हाय, लायसन माहं हाय, आन हात अजून कापत नाई. पन संध्याकाळच्या टायमाले डुक्कर कोनता आन श्रीहरी कोनता, हे मले आता दिसत नाई."